लॅपटॉपच्या मदरबोर्डवरील नादुरुस्त कनेक्टरची पुनर्स्थापना : तत्त्व, कार्यपद्धती व मर्यादा

सारांश

महाविद्यालयीन विभागांतील अनेक लॅपटॉप 'मदरबोर्ड खराब' या शेऱ्यासह निर्लेखनाच्या यादीत जातात. त्यांपैकी काहींमध्ये प्रत्यक्ष बिघाड चार्जिंगच्या एका लहानशा कनेक्टरपुरताच मर्यादित असतो. प्रस्तुत लेखात अशा कनेक्टरच्या बिघाडाची कारणे, निदानाचा क्रम, तो काढून नवा बसविण्याची पद्धत आणि या दुरुस्तीच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. कनेक्टर बदलणे हे हस्तकौशल्याचे काम असले तरी त्याचे यशापयश प्रामुख्याने उष्णतेच्या नियोजनावर अवलंबून असते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : मदरबोर्ड, डीसी जॅक, यूएसबी टाइप-सी, सोल्डरिंग, बहुस्तरी बोर्ड, निर्लेखन, ई-कचरा

१. प्रस्तावना

संगणक प्रयोगशाळेपुरता मर्यादित असलेला संगणक आज प्रत्येक अध्यापकाच्या टेबलावर आला आहे. लॅपटॉप एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेला जातो, प्रोजेक्टरला जोडला जातो, दिवसातून अनेकदा त्याची चार्जिंगची पिन काढली व घातली जाते. या हाताळणीचा सर्वाधिक ताण ज्या भागावर येतो तो म्हणजे बाहेरील तार आणि आतील मदरबोर्ड यांना जोडणारा कनेक्टर होय. हा भाग आकाराने नखाएवढा आणि किमतीने बोर्डाच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो. मात्र तो निकामी झाला की लॅपटॉपला वीज मिळणे थांबते आणि संपूर्ण यंत्र मृतवत भासते.

अशा वेळी दुरुस्ती केंद्राकडून बहुधा 'संपूर्ण बोर्ड बदलावा लागेल' असा सल्ला मिळतो. बोर्डाची किंमत जुन्या लॅपटॉपच्या शिल्लक मूल्याहून अधिक ठरल्यामुळे यंत्र निर्लेखित करण्याचा निर्णय होतो. हा निर्णय घेणाऱ्या समितीत तंत्रज्ञ असतोच असे नाही. बहुतेक वेळा विविध विषयांचे प्राध्यापकच त्या अहवालावर स्वाक्षरी करतात. म्हणून या दुरुस्तीत नेमके काय घडते, ती केव्हा शक्य असते व केव्हा नसते, याचे मूलभूत ज्ञान विज्ञानेतर शाखांतील अध्यापकांनाही उपयुक्त ठरावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

२. कनेक्टरचे प्रकार व बिघाडाचे स्वरूप

लॅपटॉपमध्ये वीज घेणारे कनेक्टर स्थूलमानाने तीन प्रकारचे आढळतात.

(अ) तारेवरील जॅक : यात गोल डीसी जॅक एका लहान तारेच्या टोकाला असतो आणि त्या तारेचे दुसरे टोक बोर्डावरील खाचेत केवळ खोचलेले असते. येथे सोल्डरिंगची गरजच नसते. जुनी तार काढून नवी खोचली की काम होते.

(आ) बोर्डावर सोल्डर केलेला डीसी जॅक : याचे धातूचे पाय बोर्डाच्या छिद्रांतून आरपार जातात व तेथे डाख देऊन पक्के केलेले असतात.

(इ) यूएसबी टाइप-सी कनेक्टर : २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या मानकात एकूण २४ संपर्कबिंदू असून ते १२-१२ च्या दोन ओळींत अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने मांडलेले असतात. बाहेरील धातूच्या कवचाचे पाय छिद्रांत व संपर्कबिंदूंचे पाय बहुधा पृष्ठभागावरील पॅडवर अशी त्याची मिश्र रचना असते.

यांतील दुसऱ्या प्रकारचा बिघाड कसा होतो हे पाहणे उद्बोधक आहे. लॅपटॉपबाहेर डोकावणारी चार्जिंगची पिन ही एका तरफेसारखी असते. तार ओढली गेली किंवा लॅपटॉप पिनेच्या बाजूने आपटला की बाहेरील टोकावरचा लहानसा जोर आतील सोल्डरच्या सांध्यावर वाढीव रूपात पोहोचतो. वारंवारच्या अशा ताणाने सांध्यात केसासारखी चीर पडते व संपर्काचे क्षेत्रफळ घटते. क्षेत्रफळ घटले की रोध वाढतो आणि रोध वाढला की उष्णता वाढते.

याचे साधे गणित मांडता येईल. १९ व्होल्ट व ६५ वॅट क्षमतेच्या अडॅप्टरमधून पूर्ण भारावर सुमारे ३.४ अँपिअर विद्युतधारा वाहते. सांध्याचा रोध ०.०१ ओहम असेल तर तेथे सुमारे ०.१२ वॅट एवढीच उष्णता निर्माण होते आणि ती सहज पसरून जाते. चिरेमुळे हाच रोध ०.३ ओहम झाला तर उष्णता साडेतीन वॅटच्या आसपास जाते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने धातू वितळतो हे ध्यानी घेतल्यास, त्याच्या सुमारे एकसप्तमांश उष्णता शेंगदाण्याएवढ्या बंदिस्त जागेत सतत निर्माण होत राहण्याचा अर्थ स्पष्ट होईल. या उष्णतेने पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होते व रोध आणखी वाढतो. प्लॅस्टिक तपकिरी पडते आणि अखेरीस बोर्डही करपतो. म्हणजेच हा बिघाड स्वतःच स्वतःला वाढवीत नेणारा आहे. पिन विशिष्ट कोनात धरल्यावरच चार्जिंग होणे ही त्याची प्राथमिक अवस्था होय. या अवस्थेत दुरुस्ती सोपी असते, पण दुर्दैवाने वापरकर्ता नेमका याच काळात पिनेखाली वही सरकवून काम भागवितो.

३. निदान

कनेक्टर बदलण्यापूर्वी दोष कनेक्टरमध्येच आहे याची खात्री करणे अगत्याचे आहे. त्यासाठी पुढील क्रम सोयीचा ठरतो.

प्रथम त्याच क्षमतेचा दुसरा, चालू स्थितीतील अडॅप्टर लावून पाहावा. अडॅप्टरच्या टोकाशी मल्टिमीटरने दाब मोजावा व ध्रुवता अडॅप्टरवर छापलेल्या चिन्हाशी ताडून घ्यावी. त्यानंतर लॅपटॉप उघडून बॅटरी विलग करावी आणि वीज पूर्णतः बंद असताना जॅकच्या प्रत्येक पायापासून बोर्डावरील पुढच्या घटकापर्यंत सातत्य तपासावे. या वेळी जॅक हलक्या हाताने हलवीत राहावा. वाचन डळमळले तर सांधा सुटलेला आहे. तसेच धन व ऋण टोकांमध्ये थेट लघुपथन, म्हणजे शॉर्ट, नाही ना हे पाहावे. शॉर्ट आढळल्यास दोष बहुधा पुढील मॉसफेट वा कपॅसिटरमध्ये असतो आणि केवळ जॅक बदलून उपयोग होत नाही.

साध्या मल्टिमीटरच्या ओहम पट्टीवर शतांश ओहमचे वाचन विश्वासार्ह नसते. म्हणून संशय असूनही सातत्य बरोबर दिसत असेल तर भाराखाली दाबातील घट मोजावी. लॅपटॉप चालू ठेवून जॅकच्या आतील संपर्क व बोर्डावरील पहिला घटक यांच्यामधील व्होल्टेज पाहिल्यास ते काही शतांश व्होल्टपर्यंतच असावयास हवे. ते अर्धा-एक व्होल्ट भरले तर दोष तेथेच आहे.

दोन विशेष बाबी येथे नोंदविल्या पाहिजेत. डेल कंपनीच्या अनेक लॅपटॉपच्या गोल जॅकमध्ये मध्यभागी एक बारीक पिन असते. ती वीज वाहून नेत नाही, तर अडॅप्टरची ओळख पटविते. ही पिन वाकली वा तुटली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. अशा वेळी बॅटरीला दोष दिला जाण्याचा संभव असतो. दुसरी बाब टाइप-सीची. या कनेक्टरमध्ये सीसी-१ व सीसी-२ असे दोन ओळख-संपर्क असतात आणि पिन कोणत्या बाजूने घातली आहे त्यानुसार त्यांतील एक वापरला जातो. ओळख पटल्याखेरीज चार्जर वीज सोडतच नाही. म्हणून पिन एका बाजूने घातल्यास चार्जिंग होणे व उलटविल्यास न होणे, हे एक संपर्क तुटल्याचे महत्त्वाचे लक्षण होय.

४. उष्णतेचे नियोजन

सोल्डर वितळवून जुना भाग ओढून काढणे वरकरणी सोपे वाटते. प्रत्यक्षात याच टप्प्यावर सर्वाधिक बोर्ड कायमचे निकामी होतात. त्याचे कारण बोर्डाच्या रचनेत आहे.

लॅपटॉपचा मदरबोर्ड हा काचतंतू व इपॉक्सी यांच्या पातळ थरांमध्ये तांब्याचे पत्रे दाबून तयार केलेला असतो. त्यात सहा, आठ वा त्याहून अधिक तांब्याचे स्तर असतात आणि त्यांतील काही स्तर जवळजवळ अखंड असून ऋण टोकाशी, म्हणजे ग्राउंडशी, जोडलेले असतात. तांब्याची उष्णतावाहकता काच-इपॉक्सीच्या तुलनेत हजारपटीहून अधिक आहे. त्यामुळे जॅकच्या ऋण पायाला आयर्न टेकविला की उष्णता त्या पायाशी न थांबता आतील विस्तीर्ण पत्र्यांत पसरते. धन पायाचे सोल्डर लवकर वितळते, ऋण पायाचे मात्र वितळत नाही. अशा वेळी अननुभवी कारागीर तापमान वाढवितो, आयर्न जोराने दाबतो आणि शेवटी भाग उपटतो. छिद्राच्या आतील भिंतीवर तांब्याचा अत्यंत पातळ मुलामा असतो व तोच वरच्या, खालच्या व मधल्या स्तरांना जोडीत असतो. भाग उपटताना हा मुलामा पायासोबत निघून येतो आणि आतील स्तरांशी असलेला संबंध तुटतो.

यात भर पडते ती शिसेविरहित सोल्डरची. पूर्वी सर्रास वापरले जाणारे ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे यांचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशाच्या वापरावर निर्बंध घातले. तेव्हापासून कथील ९६.५ टक्के, चांदी ३ टक्के व तांबे ०.५ टक्का या प्रमाणातील मिश्रण उद्योगात रूढ झाले. त्याचा वितळबिंदू सुमारे २१७ ते २२० अंश आहे. म्हणजे दुरुस्तीसाठी आवश्यक तापमान पस्तीसेक अंशांनी वाढले, परंतु कनेक्टरचे प्लॅस्टिक व बोर्डाचा इपॉक्सी यांची सहनशीलता त्या प्रमाणात वाढली नाही.

या अडचणीवर उपाय तीन आहेत. पहिला, बोर्डाला खालून पूर्वतापन देऊन तो साधारण १०० ते १५० अंशांपर्यंत सावकाश तापविणे. असे केल्याने वरून द्यावयाची उष्णता कमी लागते. दुसरा, जुन्या सांध्यात शिसेयुक्त ताजे सोल्डर व पुरेसे फ्लक्स मिसळून मिश्रणाचा वितळबिंदू खाली आणणे. तिसरा, रुंद टोकाचा व पुरेशा क्षमतेचा आयर्न वापरणे. बारीक टोक अधिक सुरक्षित असते हा समज येथे लागू पडत नाही. बारीक टोकाकडून उष्णता पुरेशा वेगाने पोहोचत नाही व संपर्काचा कालावधी लांबतो. बोर्डाला अपाय होतो तो उच्च तापमानाने जितका, तितकाच दीर्घ कालावधीने होतो.

काही कारागीर कथील व बिस्मथ यांचे १३८ अंशांना वितळणारे मिश्रण वापरतात. त्याने भाग सहज सुटतो, परंतु त्याचा अंश मागे राहून शिशाशी मिसळल्यास ९६ अंशांच्या आसपास वितळणारे मिश्रण तयार होऊ शकते. तापणाऱ्या चार्जिंग कनेक्टरच्या बाबतीत हे धोक्याचे असल्याने नवा भाग लावण्यापूर्वी ते पूर्णतः पुसून काढणे अनिवार्य आहे.

५. कार्यपद्धती

पूर्वतयारी : विदा जतन करावी, लॅपटॉप बंद करावा व मागील झाकण उघडताच सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर विलग करावा. स्थितिक विद्युतरोधी पट्टा मनगटाला बांधावा. स्क्रू निरनिराळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी बसविल्यास तो बोर्डात घुसू शकतो, म्हणून कागदावर आराखडा काढून त्यावर ते क्रमाने ठेवावेत. कीबोर्ड व टचपॅडच्या चपट्या पट्ट्यांचे नाजूक खटके नखाने अलगद उचलावेत.

संरक्षण : बोर्ड पूर्णपणे बाहेर काढावा. शेजारचे प्लॅस्टिकचे भाग पॉलिइमाइडच्या उष्णतारोधक पट्टीने झाकावेत. बोर्डावरील नाण्याच्या आकाराचा सेल काढून ठेवावा, कारण तापल्यास तो फुटू शकतो.

जुना भाग काढणे : नादुरुस्त भाग वाचविण्याचे प्रयोजन नसते. म्हणून त्याचे प्लॅस्टिक व कवच कटरने तुकडे करून आधीच काढावे आणि मग उरलेले पाय एकेक करून चिमट्याने उचलावेत. एकाच वेळी पाच-सहा सांधे वितळलेल्या अवस्थेत राखण्यापेक्षा ही रीत बोर्डाला सुखकर आहे. पाय स्वतःच्या वजनाने वा अगदी हलक्या स्पर्शाने सुटला पाहिजे. ओढावे लागत असेल तर सोल्डर वितळलेले नाही असे समजावे. टाइप-सीसाठी मात्र गरम हवेचा झोत व पूर्वतापन यांना पर्याय नाही.

छिद्रे व पॅड स्वच्छ करणे : सक्शन पंप व तांब्याची विणलेली विक यांनी जुने सोल्डर शोषून घ्यावे. विक पॅडवर घासू नये, ठेवून तापवावी व गरम असतानाच उचलावी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून भिंगाखाली पाहावी व प्रत्येक छिद्राचे सातत्य पुन्हा तपासावे.

नवा भाग बसविणे : दिसण्यात सारखे असलेले जॅक पायांच्या अंतरात, उंचीत व मधल्या पिनेच्या जाडीत भिन्न असतात. म्हणून बोर्डाचा क्रमांक पाहून भाग मागवावा. भाग बोर्डाला सर्वत्र टेकला आहे याची खात्री करून केवळ एक पाय सोल्डर करावा. मग बोर्ड कवचात ठेवून पिन सरळ जाते का ते पाहावे व त्यानंतरच उर्वरित पाय पक्के करावेत. कवचाचे आधारपाय वीज वाहोत वा न वाहोत, त्यांना भरपूर सोल्डर द्यावे, कारण पुढील ताण त्यांनाच पेलावयाचा असतो. छिद्रांत सोल्डर खालून वर चढलेले दिसले पाहिजे. पृष्ठभागावरील चकाकता थेंब हा पक्क्या सांध्याचा पुरावा नव्हे.

टाइप-सीमध्ये २० व्होल्ट वा त्याहूनही अधिक दाब वाहू शकणारा संपर्क ओळख-संपर्काच्या लगतच असतो. दोहोंत सोल्डरचा सूक्ष्म सेतू राहिल्यास नियंत्रक चिप जळण्याचा धोका असतो. म्हणून भिंगाखालील तपासणीशिवाय वीज देऊ नये.

या कामात फ्लक्सचा धूर श्वासावाटे जाणे दम्यास कारणीभूत ठरू शकते. खेळती हवा, धूर ओढणारा पंखा आणि शिसेयुक्त सोल्डर हाताळल्यावर हात धुणे या गोष्टी ऐच्छिक मानू नयेत.

६. पॅड उखडल्यास

पॅड उखडणे म्हणजे बोर्ड संपणे नव्हे. तो संपर्क बोर्डावर पुढे ज्या घटकाशी जातो तेथपर्यंत विद्युतरोधक वेष्टनाची तांब्याची तार जोडता येते. ओळख-संपर्कासाठी केसाएवढी तार पुरते, परंतु धन व ऋण टोकांसाठी तीन-चार अँपिअर पेलणारी जाड तार हवी. ती इपॉक्सीने बोर्डाला चिकटवावी, अन्यथा ताण सोल्डरवर येतो. अशा दुरुस्तीसाठी आयपीसी या संघटनेची ७७११ व ७७२१ ही मानके उपलब्ध आहेत. म्हणजे तारेची जोड हा केवळ जुगाड नसून ती नियमबद्ध पद्धतीने करता येणारी दुरुस्ती आहे.

७. चाचणी

प्रथम वीज न देता धन व ऋण टोकांमधील रोध मोजावा. तो शून्याजवळ नसावा. त्यानंतर शक्य असल्यास धारामर्यादा ठरविता येणाऱ्या वीजपुरवठ्यावर, बॅटरी न जोडता, बोर्ड चालू करावा. सर्व सुरळीत असल्यास बॅटरी जोडून अर्धा तास पूर्ण भारावर चालवावा व कनेक्टरजवळचे तापमान पाहावे. हात लावणे नकोसे होईल इतका तो तापत असेल तर सांधा सदोष आहे. पिन हलवूनही चार्जिंग अखंड राहणे ही अंतिम कसोटी होय.

८. मर्यादा

प्रत्येक बोर्ड वाचतोच असे नाही. इपॉक्सी करपून काळा कोळसा झाला असेल तर तो भाग वीज वाहू लागतो. तो खरवडून काढल्यावर आतील स्तर उघडे पडले तर दुरुस्ती भरवशाची राहत नाही. द्रवपदार्थ सांडून दूरवर गंज पसरलेला असणे, टाइप-सीबरोबर नियंत्रक चिपही जळालेली असणे, किंवा आतील स्तर एकमेकांशी शॉर्ट झालेले असणे या स्थितींत केवळ कनेक्टर बदलणे व्यर्थ आहे. बॅटरी फुगलेली असल्यास ती सुरक्षितपणे विलग झाल्याखेरीज कोणतेही काम सुरू करू नये.

९. बोर्ड बदलावा की कनेक्टर ?

या प्रश्नास खर्चाइतकीच महत्त्वाची दुसरी बाजू आहे, ती विदेची. आधुनिक लॅपटॉपमध्ये विदा बिटलॉकरसारख्या प्रणालीने कूटबद्ध असते व तिची किल्ली मदरबोर्डवरील टीपीएमशी निगडित असते. बोर्ड बदलल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागितली जाते. ती उपलब्ध नसल्यास साठवण-यंत्र सुस्थितीत असूनही त्यातील संशोधन, प्रश्नसंच व विद्यार्थ्यांच्या नोंदी वाचता येत नाहीत. काही लॅपटॉपमध्ये तर साठवण-चिप बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि बोर्ड बदलणे म्हणजे विदा सोडून देणेच ठरते. कनेक्टर बदलल्याने यांपैकी काहीही घडत नाही.

पर्यावरणाची बाजूही आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये नूतनीकरण करणाऱ्यांना स्वतंत्र स्थान दिलेले आहे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्ती हा टाकून देण्याआधीचा टप्पा आहे, ही भूमिका यातून मान्य होते. आराखड्याच्या पातळीवरही बदल दिसतो. २०२१ साली बाजारात आलेल्या फ्रेमवर्क लॅपटॉपमध्ये बाहेरचे पोर्ट वापरकर्त्याला हाताने काढता-घालता येणाऱ्या सुट्या कार्डांवर दिलेले आहेत. रोजच्या ताणाचा भाग बोर्डापासून वेगळा ठेवणे हाच या बिघाडावरील खरा उपाय होय.

१०. निष्कर्ष

१) चार्जिंग कनेक्टरचा बिघाड हा मूलतः यांत्रिक असून उष्णतेमुळे वाढत जातो. पहिले लक्षण दिसताच वापर थांबविल्यास बोर्ड वाचतो.

२) 'मदरबोर्ड खराब' हा शेरा निदान नव्हे. कोणता घटक, कोणत्या मोजमापावरून सदोष ठरविला याची लेखी नोंद मागावी व तिच्याशिवाय डेड स्टॉक नोंदवहीतून यंत्र कमी करू नये.

३) पुनर्स्थापनेत पूर्वतापन, शिसेयुक्त सोल्डर मिसळणे व पाय सुटे करून काढणे या तीन गोष्टी निर्णायक आहेत. कारागिराची निवड करताना त्याच्याकडे पूर्वतापन व भिंगाखालील तपासणीची सोय आहे का, हे विचारणे पुरेसे सूचक ठरते.

४) प्रत्येक विभागाने लॅपटॉपच्या पुनर्प्राप्ती-किल्ल्यांची सुरक्षित नोंद ठेवावी.

५) इलेक्ट्रॉनिक्स व भौतिकशास्त्र विभागांनी निर्लेखित बोर्डांवर हे काम प्रात्यक्षिक म्हणून घ्यावे. उष्णतावहन, ओहमचा नियम व मिश्रधातूंचे वितळबिंदू हे तीन पाठ एकाच टेबलावर शिकविता येतील, आणि एखादा लॅपटॉप वर्गात परतही येईल.